पेशवाई वाड्यांतील इंग्रजी शाळा
पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल व शालेय दप्तरांचें ऐतिहासिक मोल

(१) प्रस्ताव

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा शोध करितांना आपण देवघरांतील कोनाडे, माळ्यावरील रुमाल, मठांतील पोथ्या व इनामदारांचीं दप्तरें धुंडाळतों. या शोधानें जें धन हातीं आलें त्याचें मोल या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या घरांतून हे रुमाल निघाले त्या घरांतील मुलें ज्या शाळांत शिकलीं, त्या शाळांच्या दप्तरांकडे मात्र आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. शाळेचें दप्तर म्हणजे हजेरी, फी आणि दाखले. त्यांत इतिहास कसला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बरोबर नाहीं असें आमचें मत असून, तें पुणें शहरांतील एका नामांकित शाळेच्या उदाहरणानें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. ती शाळा म्हणजे इ. स. १८८० त निघालेली न्यू इंग्लिश स्कूल.

हीच शाळा निवडण्यास तीन कारणें आहेत. एक, तिचें बाल्य पेशवेकालीन वाड्यांत गेलें. दुसरें, तिच्या संस्थापकांचा व शिक्षकांचा इतिहाससंशोधनाच्या उदयाशीं निकट संबंध आहे. तिसरें, ती ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आद्य शाळा, त्या सोसायटीचा प्रा. लिमये यांनीं लिहिलेला इंग्रजी इतिहास १९३५ सालीं छापून निघाला असल्यामुळें, छापील इतिहास काय सांगतो आणि दप्तराशिवाय काय कळणें शक्य नाहीं, यांतील भेद येथें स्पष्ट दाखवितां येतो.

(२) पूर्वपीठिका

पुण्यांतील नव्या शिक्षणाचें मूळ पेशव्यांच्या दक्षिणेंत सांपडतें. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल पेशवाईंत होती. राज्य गेल्यावर इंग्रजांनीं त्या रकमेचा कांहीं भाग विद्यादानाकडे वळविला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. इंग्रजी कागदपत्रांत तिला ‘हिंदु कॉलेज’ असें नांव आहे. दुसऱ्या बाजीरावानें विलासासाठीं बांधलेल्या वाड्यांत न्याय, व्याकरण व अलंकार यांचे पाठ चालूं लागले. १८५१ त ही पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालें. पुढें त्याचें नांव डेक्कन कॉलेज असें पडलें व १८६८ त तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. विश्रामबागेंत सरकारी हायस्कूल राहिलें.

सांगावयाचें तें हें कीं, ज्या पैशानें शास्त्री पोसले जात त्याच पैशाच्या पोटीं कॉलेज जन्मास आलें, आणि ज्या वाड्यांत दरबारी थाट चाले त्याच वाड्यांत मॅट्रिकची तयारी होऊं लागली. १३ मे १८७९ च्या रात्रीं पुण्यांत जी आग लावण्यांत आली तींत बुधवारवाडा समूळ जळाला व विश्रामबागवाड्याचाहि कांहीं भाग भस्म झाला. शनिवारवाड्याची राखरांगोळी १८२८ तच झाली होती. तेव्हां १८७९ च्या अखेरीस पुण्यांतील पेशव्यांचे प्रमुख वाडे मोडकळीस आले असतां, त्यांच्या कारभाऱ्यांचे वाडे मात्र उभे होते. खासगी शाळेस परवडण्यासारखी व शहराच्या मध्यावर असलेली ऐसपैस जागा म्हटली तर ती त्यांतच मिळणार.

(३) संस्थापना

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे १८७९ त रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षक होते. निबंधमालेनें त्यांचें नांव महाराष्ट्रभर झालेलें होतें. नोकरीचा राजीनामा देऊन पुण्यांत स्वतंत्र शाळा काढण्याचा त्यांचा विचार ठरला, व डेक्कन कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले बाळ गंगाधर टिळक व अद्यापि तेथें शिकत असलेले गोपाळ गणेश आगरकर यांनीं त्यांस साथ देण्याचें ठरविलें. जानेवारी १८८० च्या आरंभीं बुधवार पेठेंतील मोरोबादादांच्या वाड्यांत शाळा उघडली. माधवराव नामजोशी व वामन शिवराम आपटे हे त्याच वर्षीं येऊन मिळाले. आगरकर मात्र एम्. ए. ची परीक्षा देऊन १८८१ त आले. सबब, ‘टिळक-आगरकरांनीं शाळा काढली’ हें जें वाक्य वारंवार आढळतें तें निश्चयापुरतें खरें, पण पहिल्या दिवसापुरतें खरें नव्हे. आणि त्यांत विष्णुशास्त्र्यांचें नांव गळतें हा त्याहून मोठा दोष होय. सरकारी नोकरीची शाश्वती सोडून आलेले तेच एक होते. इतरांनीं ती नाकारली होती, सोडली नव्हती.

स्थापनेच्या तारखेविषयींहि छापील ग्रंथांत एकवाक्यता नाहीं. कोठें १ जानेवारी, कोठें २ जानेवारी असें आढळतें. एका दिवसाचा हा फरक क्षुल्लक आहे हें खरें. पण शकावल्यांतील एकेका तिथीवर पानेंच्या पानें खर्च करणाऱ्या आम्हां लोकांस यांतील तत्त्व कळावयास हरकत नाहीं. एक चरित्रकार दुसऱ्यावरून उतरून घेतो, आणि मूळ कागद पाहण्याचें काम राहून जातें. पहिल्या महिन्याचा हजेरीपट हाच येथें खरा साक्षीदार.

(४) वाडा आणि वर्ग

मोरोबादादा म्हणजे नाना फडणविसांचे चुलतबंधु. १७७८ च्या कारस्थानामुळें इतिहासांत गाजलेले. त्यांच्या वाड्यांतून निघालेली शाळा पुढें शनिवारांतील गद्र्यांच्या वाड्यांत, व नंतर खुद्द नानांच्या वाड्यांतहि नांदली. टिळक रस्त्यावर व रमणबागेंत न्यू इंग्लिश स्कूल याच नांवानें शाळा आजहि चालतात.

शाळेसाठीं बांधलेली इमारत व शाळेस दिलेला वाडा यांत मोठा फरक आहे. वाड्यास चौक असतो. चौकाभोंवतीं सोपे, वर दिवाणखाना व आजूबाजूस काळोख्या खोल्या. सोप्यांत बसलेल्या वर्गाचा आवाज चौकांतून साऱ्या वाड्यास ऐकूं जातो. संस्कृत पाठशाळेच्या परंपरेंत वाढलेल्यांस यांत नवें कांहींच नव्हतें. इंग्रजी पद्धतीचे वर्ग, बांक व वेळापत्रक हीं मात्र त्या चौकांत नवीं होतीं. शिवाय वाडा भर पेठेंत. मुलगा शाळेंतून निघाला कीं मंडई, देऊळ, छापखाना व सार्वजनिक सभेची कचेरी हीं सर्व पायांखालच्या वाटेवर. येरवड्यास गेलेलें कॉलेज शहरापासून दूर झालें, तर ही शाळा शहराच्या आंतच राहिली. तिच्या पुढील लौकिकाचें एक कारण या जागेंत आहे असें आम्हांस वाटतें.

(५) अध्यापन

शाळेची वाढ झपाट्यानें झाली. पहिल्या वर्षाअखेर मुलांची संख्या ३०० च्या वर गेली होती, आणि पांच वर्षांत ती सुमारें १,००० झाली. टिळक गणित व संस्कृत शिकवीत. व्यवस्था नामजोश्यांकडे असे. आणि शाळेचे मुख्य चालक या नात्यानें शिस्त व अभ्यास यांचा भार आपट्यांवर होता.

आपट्यांविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण पोथ्या वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं त्यांचा कोश आहे. पण तो कोश शाळेच्या वर्गांतून निघाला हें थोड्यांच्या ध्यानीं असतें. संस्कृत वाक्यरचनेवरील त्यांचें मार्गदर्शक पुस्तक १८८१ त, इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ त व मोठा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० त प्रसिद्ध झाला. म्हणजे शाळेंत पाऊल ठेवल्यापासून दहा वर्षांत, शाळा व पुढें कॉलेज यांचा कारभार संभाळून, हें सर्व झालें. १८९२ त ते वारले तेव्हां त्यांचें वय अवघें चौतीस वर्षांचें होतें. त्या कोशाची रचना पाहिली म्हणजे ती परीक्षेस बसणाऱ्या मुलाची अडचण जाणणाऱ्या शिक्षकाची आहे हें कळतें. अर्थांस क्रमांक, अर्थाखालीं काव्यनाटकांतील उतारा, आणि धातूंचीं मुख्य रूपें तेथल्या तेथें. पुढें १९५७ ते १९५९ या काळांत प. कृ. गोडे व चिं. ग. कर्वे यांनीं या कोशाची वाढविलेली आवृत्ति काढली. त्यांतील गोडे हे भांडारकर प्राच्यविद्यामंदिराचे हस्तलिखितांचे अभिरक्षक. शाळामास्तराचा ग्रंथ अखेरीस हस्तलिखितज्ञाच्या हातून नवा होऊन निघाला, हा योग अर्थपूर्ण आहे.

संस्कृतांतील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति ही मॅट्रिकच्या परीक्षेंतील मानाची गोष्ट. ती या शाळेच्या विद्यार्थ्यांनीं आरंभापासून पटकाविली. १८८२ त शिक्षणकमिशनचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनीं शाळा पाहून, हिंदुस्थानांत पाहिलेल्या शाळांत हिच्या तोडीची दुसरी नाहीं, अशा आशयाचा अभिप्राय दिला. सरकारी मदतीवांचून चाललेल्या शाळेनें सरकारी शाळांची बरोबरी करावी, याचें कौतुक त्या काळीं विशेष होतें.

(६) शाळा आणि शहर

या शाळेचें शहराशीं नातें वर्गापुरतें नव्हतें. तिच्याच चालकांनीं आर्यभूषण छापखाना उभारला व १८८१ च्या जानेवारींत मराठा व केसरी हीं पत्रें काढलीं. कोल्हापूरच्या प्रकरणांत केलेल्या लिखाणावरून बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि १८८२ त टिळक व आगरकर यांस शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं विष्णुशास्त्री निवर्तले होते. चालकांपैकीं एक मृत, दोघे तुरुंगांत, आणि शाळा दोन वर्षांची. अशा स्थितींत ती मोडली नाहीं, एवढेंच नव्हे तर मुलांची संख्या वाढतच राहिली. यावरून पुण्यांतील गृहस्थांनीं या शाळेस आपली मानली होती असें अनुमान निघतें.

परंतु ‘आपली’ म्हणजे कोणाची, हा प्रश्न इतिहासकारास टाळतां येत नाहीं. ज्या कमिशनच्या अध्यक्षांनीं शाळेची स्तुति केली, त्याच कमिशनपुढें त्याच साली, १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं, त्याच शहरांतील जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन सादर केलें. शेतकऱ्यांच्या करांतून जमलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवावा, असा त्यांचा रोख होता. न्यू इंग्लिश स्कूल सरकारी पैशावर उभारलेली नव्हती, म्हणून हा आरोप तिजवर सरळ लागत नाहीं. तथापि तिच्या बांकांवर कोणत्या पेठांतील व कोणत्या ज्ञातींतील मुलें बसत होतीं, हें पाहिल्याशिवाय फुल्यांच्या म्हणण्याचा न्याय करतां येणार नाहीं. मुलींच्या शिक्षणाचीहि तीच गोष्ट. १८८४ त रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींच्या खटपटीनें मुलींचें हायस्कूल निघालें व तें पुढें हुजूरपागेच्या जागेवर स्थिरावलें. टिळकांच्या पत्रानें त्या शाळेच्या शिक्षणक्रमावर कडक टीका केली. एका शहरांत चार-पांच वर्षांच्या अंतरानें निघालेल्या या दोन शाळांचीं पटपुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं तर कोणत्या घरांतील मुलगा एकींत व बहीण दुसरींत होती, हें कळूं शकेल. वर्तमानपत्रांतील वादापेक्षां ही साक्ष अधिक बोलकी ठरेल.

(७) सोसायटी व फूट

२४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली व २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. आपटे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावी, दरमहा ७५ रुपये वेतन घ्यावें व ३,००० रुपयांचा विमा संस्थेनें उतरवावा, अशी योजना होती. याच योजनेंतून पुढील कलह उद्भवला. सभासदांनीं बाहेर मिळकत करावी कीं नाहीं, संस्थेस आलेल्या देणग्यांचा विनियोग कसा व्हावा, आणि सारा वेळ संस्थेस देणें म्हणजे काय, या प्रश्नांवर मतभेद होऊन १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेंतून बाहेर पडले. सामाजिक सुधारणेवरील टिळक-आगरकर वाद सर्वांस ठाऊक आहे व बहुधा सारी फूट त्याच्याच माथीं मारली जाते. पण संस्थेच्या आंतील तंट्यांत पगाराचा व वेळेचा हिशेब हा मोठा विषय होता. मतांच्या इतिहासास वर्तमानपत्रें पुरतात. पगाराच्या इतिहासास कीर्दखतावणी लागते. आमचा मुद्दा येथेंहि तोच आहे.

(८) शाळामास्तर व इतिहाससंशोधन

आतां आपल्या वाचकांस अधिक जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळूं. मराठी इतिहाससंशोधनाचा पाया कोणीं घातला, असें विचारल्यास आपण नांवें सांगतों; पण त्यांचा व्यवसाय सांगत नाहीं. १८७८ त काव्येतिहाससंग्रह हें मासिक निघालें व त्यांतून बखरी प्रथम शुद्ध करून छापल्या गेल्या. त्याचे आधारस्तंभ विष्णुशास्त्री चिपळूणकर व काशिनाथ नारायण साने हे दोघेहि शिक्षक. वासुदेवशास्त्री खरे शाळेच्या आरंभींच्या दिवसांत न्यू इंग्लिश स्कुलांत होते. तेथून ते मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक म्हणून गेले. मिरजेस पटवर्धनांच्या दप्तरांशीं त्यांची गांठ पडली. १८९२ त त्यांचें नाना फडणविसांचें चरित्र निघालें, आणि १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह प्रसिद्ध होऊं लागला. वि. का. राजवाडे हेहि कांहीं काळ न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक होते. साधनांचा पहिला खंड १८९८ त बाहेर पडला.

हा केवळ योगायोग नव्हे. संस्कृतच्या शिक्षकास पाठभेद पाहण्याची, अन्वय लावण्याची व अक्षर लावून वाचण्याची सवय असते. मोडी पत्रांतील संदिग्ध शब्द सोडविण्यास तीच सवय उपयोगी पडते. शिवाय हायस्कुलाचा शिक्षक ज्या गांवीं जाई तेथें त्याचे विद्यार्थी सरदार, देशमुख, कुळकर्णी व भिक्षुक यांच्या घरचे असत. जें दप्तर परक्या माणसापुढें उघडत नसे तें मुलाच्या शिक्षकापुढें उघडे. शाळा ही त्या काळीं संशोधकाची ओळखचिठी होती. ज्यांनीं गांवोगांव दप्तरांसाठीं खेटे घातले आहेत त्यांस या चिठीचें मोल ठाऊक आहे.

(९) शाळेचें दप्तर कसें वाचावें

शाळेच्या जनरल रजिस्टरांत प्रत्येक मुलाची एक ओळ असते: नांव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचें कारण व शेरा. एका ओळींत कांहीं नाहीं. हजार ओळींत शहराचा इतिहास आहे. जन्मस्थळावरून कोंकणांतून व देशावरून पुण्यास कोण केव्हां आलें तें कळतें. सोडल्याच्या तारखेवरून १८९७ च्या प्लेगांत किती मुलें गांवीं गेलीं व त्यांतील किती परतलीं तें कळूं शकतें. सोडण्याच्या कारणावरून गरिबी, मृत्यु व बदली यांचें प्रमाण काढतां येतें.

मात्र जशी बखर तशीच ही नोंदहि परीक्षा केल्याशिवाय घेऊं नये. अनेक जुन्या नोंदींत जन्मतारीख १ जून आढळते. त्या दिवशीं एवढीं मुलें जन्मलीं असें कोणी मानणार नाहीं. तारीख ठाऊक नसली म्हणजे शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घालण्याचा तो मास्तरांचा परिपाठ होता. जातीच्या रकान्यांतहि कधीं पालकानें सांगितलेलें, कधीं मास्तरानें समजून घेतलेलें लिहिलें जाई. खाडाखोड, निराळी शाई व निराळें अक्षर यांकडे लक्ष द्यावें. हें सारें आपण सनदा तपासतांना करतोंच.

येथें एक गोष्ट निक्षून सांगणें भाग आहे. हीं रजिस्टरें मेलेले कागद नव्हेत. जातीच्या दाखल्याच्या पडताळणींत जुन्या शालेय नोंदीस पुराव्याचें मोल आहे. २०२३ त कुणबी नोंदींचा शोध सरकारी समितीमार्फत सुरू झाला, तेव्हां महसुली दप्तरांबरोबर शाळांच्या जुन्या नोंदीहि तपासल्या गेल्या, आणि मोडी वाचणाऱ्यांची उणीव जिल्ह्याजिल्ह्यांतून भासली. एका पुसट ओळीवर एका घराण्याचें भवितव्य ठरावें अशी स्थिति आहे. म्हणून पोथीसंग्राहकांस आमची विनंति अशी कीं, पोथी दिसतांच ती आपल्या संग्रहीं आणण्याची जी आपली वृत्ति, ती येथें आवरावी. रजिस्टर शाळेंतच राहिलें पाहिजे. तें तेथून हललें कीं त्याची साक्ष दुबळी होते. आपण तेथें जावें, मोडी पानांची बालबोध नक्कल करून द्यावी, छायाचित्रें घ्यावीं, सूचि करावी, व त्याची एक प्रत शाळेस द्यावी. हयात माणसांचीं नांवें ज्यांत येतात तीं अलीकडील पानें प्रसिद्ध करूं नयेत.

हें काम तांतडीचें आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतून पाणी शिरलें, तेव्हां कितीएक घरांतील कागद एका दिवसांत चिखल झाले. पाण्यापेक्षांहि रद्दी अधिक घातक. ज्या एका शाळेंत आम्हीं पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें, तेथें इमारतीची डागडुजी करितांना तीस वर्षांचे हजेरीपट, फीच्या पावत्यांचीं स्थळप्रतींचीं पुस्तकें व तपासनिसांचें शेरेबुक वजनावर विकलें गेलें. जनरल रजिस्टर तेवढें कुलपांत होतें म्हणून वांचलें. विकणाऱ्यांच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें. जागा हवी होती. या कागदांस किंमत आहे असें त्यांस कोणींच सांगितलें नव्हतें, आणि तें सांगण्याचें काम आपलें होतें.

तात्पर्य, ज्या शाळांनीं आपल्यास पोथी वाचावयास शिकविलें त्या शाळांचीं दप्तरें वाचण्याचें ऋण आपल्यावर आहे. प्रत्येक वाचकानें आपण शिकलेल्या वा शिकविलेल्या एकेका शाळेंत जाऊन सर्वांत जुनें रजिस्टर कोणत्या सालचें, तें कोणत्या लिपींत आहे, किती पानें शाबूत आहेत व तें कोठें ठेवलें आहे, एवढ्या चार गोष्टी टिपून या त्रैमासिकाकडे पाठवाव्या. मुख्याध्यापकांची परवानगी प्रथम घ्यावी. अशा शंभर टिपा जमल्या तरी शालेय दप्तरांची पहिली यादी तयार होईल. आणि यादी हीच कोणत्याहि संशोधनाची पहिली पायरी, हें आपण सर्व जाणतोंच. इत्यलम्.